घरातील बंदूक आणि घरातील मूल

मूल रांगू लागले की घरातील शहाणी आई सर्वप्रथम खालच्या फळीवरील फिनाइलची बाटली उचलून वर ठेवते. विळी कोपऱ्यात आडवी करते, चुलीपुढे पाट उभा लावते. अंगणातील विहिरीला कठडा नसेल तर बाप दोन फांद्या आडव्या बांधतो. हे शिकण्यासाठी कोणाला शाळेत जावे लागत नाही. आईबापांचे मनच ते शिकवते. परंतु त्याच घरात कपाटाच्या वरच्या कप्प्यात पिस्तूल असेल, किंवा माळ्यावर आजोबांची ठासणीची बंदूक पडून असेल, तर मात्र “मुलांना ते ठाऊक नाही” एवढ्या एका वाक्याच्या भरवशावर सारे कुटुंब निर्धास्त झोपते. ह्या वाक्यावर किती विसंबावे, याचा विचार आज वाचकांपुढे मांडावयाचा आहे.

“आमच्या घरी बंदूक नाही, मग हा लेख आम्ही कशाला वाचावा?” असे कोणी म्हणेल. बहुतेक वाचकांच्या घरी ती नसेल हे खरे. परंतु आपले मूल केवळ आपल्याच घरात वाढत नाही. ते सुटीत मामाच्या गावी जाते. शेजारच्या मित्राकडे खेळते. कोणाच्या शेतघरात हुरडा खायला जाते. ज्या घरी मामा सैन्यातून निवृत्त होऊन आता बँकेच्या दारी दुनळी बंदूक घेऊन उभा राहतो, जेथे रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी परवान्याची बंदूक आहे, किंवा जेथे माकडे हाकलण्यासाठी हवेची बंदूक खुंटीला लटकत आहे, तेथेही आपले मूल जाते. म्हणून हा प्रश्न बंदूकवाल्या दोन-चार घरांचा नसून साऱ्या गावाचा आहे.

काचीगुड्याची आठवण

हैदराबादचा काचीगुडा हा भाग मराठी माणसाला प्रथम आठवतो तो रेल्वेमुळे. मनमाडहून निघून औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर), जालना, परभणी, नांदेड अशी मराठवाड्याची गावे ओवीत आलेला लोहमार्ग आपल्या कित्येक कुटुंबांना ह्याच स्टेशनावर उतरवीत आला. १९१६ साली, निजामाच्या अमदानीत उभारलेली स्टेशनाची ती घुमटांची इमारत आजही उभी आहे. शिक्षणासाठी, नोकरीसाठी, उदीमासाठी मराठी माणसे येथे आली, स्थिरावली. आणि त्यांची मुले सुटी लागली की उलट्या दिशेने गाडीत बसून आजोळी जाऊ लागली. अशा रीतीने काचीगुड्याची खोली आणि मराठवाड्यातील वाडा हे एकाच कुटुंबाचे दोन भाग झाले.

बंदुकीचा आवाज ह्या वस्तीला अपरिचित नाही. १९४८ च्या ऑगस्टमध्ये, रझाकारांच्या धुमाकुळीत, ‘इमरोज’ ह्या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक शोएबुल्ला खान रात्री कचेरीतून घरी परतत असता काचीगुड्याच्या लिंगमपल्ली भागात त्यांच्यावर हल्ला झाला व गोळ्या घालून त्यांचा प्राण घेण्यात आला. हैदराबाद संस्थान भारतात विलीन व्हावे, असे त्यांनी निर्भयपणे लिहिले होते. त्या काळी बंदुकीचे भय बाहेरून येत असे. सूर्यास्तानंतर दार लावून, कडी घालून माणसे आत बसत.

आज आपण ज्या बंदुकीविषयी बोलत आहो, ती मात्र दाराच्या आतच आहे. ती रीतसर परवाना काढून, पैसे मोजून, कुटुंबाच्या रक्षणासाठी म्हणूनच घरी आणलेली असते. तिच्यापुढे दाराची कडी निरुपयोगी ठरते. तिच्यासाठी वेगळेच कुलूप लागते.

दूरची नव्हे, जवळचीच उदाहरणे

हैदराबादच्या सीमेला लागून संगारेड्डी जिल्हा आहे. त्यातील जिन्नारम भागात, २०२२ च्या मार्च महिन्यात, एका शेतघरातील हवेच्या बंदुकीचा छर्रा लागून अवघ्या चार वर्षांची बालिका दगावली. हवेच्या बंदुकीत दारू नसते, आवाज बेताचा असतो, जत्रेत फुगे फोडायलाही तसलीच बंदूक मिळते. म्हणून पुष्कळ घरांत तिला खेळणेच समजतात. परंतु लहान मुलाची कवटी मऊ असते, छातीचा पिंजरा नाजूक असतो. फार जवळून सुटलेला छर्रा डोळ्यातून वा कानशिलातून शिरला, तर तो दारूच्या गोळीइतकाच प्राणघातक ठरतो. ज्या वस्तूने माकड पळते, ती वस्तू मुलाला खेळायला द्यावयाची नसते, एवढे तरी आपण ह्या घटनेपासून शिकावे.

आदिलाबाद हा तर मराठी बोलणाऱ्यांचा सरहद्दीवरील जिल्हा. २०२० च्या डिसेंबरात त्या शहरात मुलांचे क्रिकेटच्या खेळावरून भांडण झाले. मुलांची भांडणे मुलांतच मिटतात, आणि दुसऱ्या दिवशी तीच मुले पुन्हा एकत्र खेळतात. पण ह्या भांडणात मोठी माणसे उतरली. त्यांतील एकाच्या हाती परवान्याचे शस्त्र होते. गोळ्या सुटल्या, माणसे जखमी झाली, आणि त्यांतील एकाने काही दिवसांनी इस्पितळात प्राण सोडला. पुढे २०२२ साली न्यायालयाने गोळीबार करणाऱ्यास जन्मठेपेची शिक्षा दिली. एक घर कायमचे दुःखात बुडाले, दुसऱ्या घरचा कर्ता माणूस तुरुंगात गेला. आणि ज्या मुलांच्या खेळावरून हे घडले, त्या मुलांना ती आठवण जन्मभर वाहावी लागणार. शस्त्राचा परवाना सरकार देते. परंतु राग आवरण्याचा परवाना कोणतीही कचेरी देत नाही.

जरा दूर पाहू. दिल्लीजवळील गुडगाव येथे ११ डिसेंबर २००७ रोजी आठव्या इयत्तेतील दोघा मुलांनी आपल्याच वर्गातील एका मुलाचा शाळेच्या आवारात गोळ्या घालून जीव घेतला. पिस्तूल त्यांतील एकाच्या वडिलांचे होते व ते घरातूनच उचलून आणलेले होते. पंजाबातील पठाणकोट येथे २०१६ साली एका पंधरा वर्षांच्या मुलाने वडिलांचे परवान्याचे शस्त्र डोक्याशी धरून मोबाइलवर स्वतःचे छायाचित्र काढण्याचा खेळ केला. चाप दाबला गेला आणि मुलगा गेला. बिहारच्या सुपौल जिल्ह्यात ३१ जुलै २०२४ रोजी तर एका पाच वर्षांच्या मुलाने दप्तरात पिस्तूल घालून शाळेत नेले व तिसरीतील दहा वर्षांच्या मुलावर गोळी झाडली. सुदैवाने ती हाताला लागली व मुलगा वाचला.

पाच वर्षांचे मूल! आपल्याकडे ह्या वयाचे मूल पाटीवर अक्षरे गिरविते, बुटाचे बंद आईकडून बांधून घेते. तेवढ्या चिमुकल्या बोटांनाही चाप ओढता येतो. वाचकहो, ह्या साऱ्या घटनांत ठिकाणे निराळी, वये निराळी, कारणे निराळी. परंतु एक गोष्ट मुलांच्या बाबतीत समान आहे. यांतील कोणत्याही मुलाने बंदूक विकत घेतली नव्हती. कोणी तरी मोठ्या माणसाने ती आणली होती आणि मुलाचा हात पोचेल अशा जागी ठेवली होती.

तीन समजुती

अशा प्रसंगानंतर घरची माणसे जे सांगतात, त्यात तीन वाक्ये पुनःपुन्हा ऐकू येतात. “आम्ही ती लपवून ठेवली होती.” “आम्ही मुलाला हात लावू नको म्हणून बजावले होते.” “आम्हांला वाटले, ती रिकामी आहे.” ही तिन्ही वाक्ये खोटी नसतात, बोलणारी माणसे प्रामाणिकच असतात. परंतु तिन्हींवर विसंबणे धोक्याचे आहे. एकेक तपासून पाहू.

पहिले, लपविण्याचे. घरातील कोणती जागा मुलाला ठाऊक नसते? गादीखाली, साड्यांच्या घडीत, तांदळाच्या कोठीत, कपाटाच्या माथ्यावर, ट्रंकेच्या तळाशी, ह्या साऱ्या जागा लाडवांचा डबा शोधताना मुलाने कधीच धुंडाळलेल्या असतात. दिवाळीचा फराळ आई कोठे ठेवते हे ज्याला कळते, त्याला बापाचे पिस्तूल कोठे आहे हेही कळते. अमेरिकेतील अलाबामा राज्यात बंदूक बाळगणाऱ्या घरांतील आईबाप व मुले यांना वेगवेगळे बसवून प्रश्न विचारण्यात आले. ही पाहणी २००६ साली प्रसिद्ध झाली. ‘आमच्या मुलाला बंदुकीची जागा ठाऊक नाही’ असे ज्यांनी सांगितले, त्यांपैकी शेकडा ३९ जणांच्या मुलांनी ती जागा आपणांस ठाऊक असल्याचे सांगितले. ‘आमच्या मुलाने बंदुकीला कधी हात लावलेला नाही’ असे म्हणणाऱ्यांपैकी शेकडा २२ जणांच्या मुलांनी आपण ती हाताळल्याची कबुली दिली. मुले आईबापांना जितकी ओळखतात, तितके आईबाप मुलांना ओळखत नाहीत, असाच याचा अर्थ.

दुसरे, बजावण्याचे. मुलांना शिकवावे, समजावून सांगावे, हे योग्यच आहे व अवश्य केले पाहिजे. परंतु तेवढ्याने भागत नाही. २००१ साली अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या एका मासिकात एक प्रयोग प्रसिद्ध झाला. आठ ते बारा वर्षांच्या ६४ मुलग्यांचे २९ लहान गट करून एकेका गटास एका खोलीत थोडा वेळ सोडले. तेथील खणात एक खरे पिस्तूल ठेवले होते; ते सुटणार नाही अशी व्यवस्था अर्थातच आधी केलेली होती. २१ गटांना ते सापडले. त्यांपैकी १६ गटांनी ते हाताळले, आणि १० गटांत कोणी ना कोणी चाप ओढला. ते सापडलेल्या मुलांपैकी सुमारे निम्म्यांना ते खरे की खेळण्यातले हे नक्की सांगता आले नाही. सर्वांत विचार करण्याजोगी गोष्ट ही की, पिस्तूल हाताळणाऱ्या वा चाप ओढणाऱ्या मुलांपैकी शेकडा ९० हून अधिक मुलांना बंदुकीपासून दूर राहण्याची शिकवण पूर्वी मिळालेली होती.

म्हणजे ही मुले उनाड वा आज्ञाभंग करणारी होती असे नव्हे. ती मुले होती, इतकेच. कुतूहल हा बालपणाचा धर्म आहे; त्याच कुतूहलाने मूल चालते, बोलते, शिकते. आपल्याकडे दिवाळीत टिकल्यांचे पिस्तूल हाती देतो, नाताळात सांगायला गेलो तर आवाज करणारी, दिवे लागणारी बंदूक भेट म्हणून आणतो, चित्रपटात नायकाच्या हाती रोज ती दाखवितो. आणि मग खरी बंदूक समोर आल्यावर मुलाने तेवढे हात मागे घ्यावे अशी अपेक्षा धरतो. जो संयम आपण सहा वर्षांच्या मुलाकडून अपेक्षितो, तो त्याच्या वयाच्या बाहेरचा आहे.

तिसरे, रिकामी असण्याचे. पिस्तुलाच्या मुठीतील गोळ्यांची पेटी, जिला मॅगझिन म्हणतात, ती काढली की पिस्तूल रिकामे झाले असा समज सर्वत्र आढळतो. तो चुकीचा आहे. पेटी काढण्यापूर्वी एक गोळी नळीच्या तोंडाशी, आपल्या घरात जाऊन बसलेली असू शकते. पेटी हातात आल्यावरही ती तेथेच राहते, आणि चाप ओढताच सुटू शकते. ठासणीच्या बंदुकीचे तर विचारूच नका. मागील हंगामात कोणी दारू व छर्रे ठासून ठेवले आणि बार न काढता ती माळ्यावर टाकली, तर बाहेरून पाहून कोणालाही ते समजत नाही.

ज्यांना शस्त्राची सवय आहे, त्यांच्या हातूनही घात होतो. १ ऑक्टोबर २०२४ रोजी पहाटे मुंबईत प्रसिद्ध चित्रपट-अभिनेते गोविंदा यांच्या पायाला त्यांच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी लागली. ते कपाटात ठेवीत असता हातातून निसटले व सुटले, असे सांगण्यात आले. सुदैवाने ते बरे झाले. परंतु त्याच क्षणी त्याच कपाटापाशी एखादे मूल उभे असते तर? म्हणून प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असे समजून वागावे, हा जगभरच्या सैनिकांचा व नेमबाजांचा पहिला धडा आहे.

मोठ्या मुलांचा प्रश्न

येथवर आपण लहान मुलांविषयी बोललो. परंतु पंधरा, सोळा, सतरा वर्षांच्या मुलामुलींचा विचार निराळा करावा लागतो. त्यांना बंदूक खरी की खोटी हे कळते. तिच्याने काय होते हेही कळते. त्यांच्या बाबतीत भय कुतूहलाचे नसून क्षणिक भावनेचे असते. परीक्षेचा निकाल लागतो, गुण कमी पडतात, बाप चार कठोर शब्द बोलतो, मित्रांत अपमान होतो. आणि ह्या वयात आजचे दुःख हे जन्माचे दुःख वाटते. ती लाट फार उंच असते, पण ती ओसरतेही लवकर. ओसरेपर्यंत हाताशी प्राणघातक साधन नसले, तर पुष्कळ मुले त्यातून पार पडतात व पुढे सुखाने जगतात. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना आत्महत्या टाळण्याच्या उपायांत, अशी साधने सहज हाती न लागतील असे करणे, ह्यास अग्रस्थान देते. त्या साधनांत तिने बंदुकीबरोबरच आणखी एका वस्तूचे नाव घेतले आहे; ती म्हणजे शेतीचे कीटकनाशक.

येथे प्रत्येक गावकऱ्याने थांबून आपल्या घराकडे पाहावे. बंदूक आपल्याकडे नसेल. पण कपाशीवर फवारायच्या औषधाचा डबा? तो पडवीत, खताच्या गोणीशेजारी, उघडाच असतो ना? जे कुलूप बंदुकीला हवे, तेच ह्या डब्यालाही हवे. आणि मूल गप्प गप्प राहू लागले, जेवेनासे झाले, आवडत्या वस्तू इतरांस वाटू लागले, तर कुलपाबरोबर आणखी एक उपाय हवा: त्याच्याजवळ बसावे, त्याला बोलू द्यावे, आणि विलंब न लावता वैद्यांचा सल्ला घ्यावा.

कायदा काय सांगतो

आपल्या देशात १९५९ चा शस्त्र अधिनियम लागू आहे. त्याप्रमाणे परवान्यावाचून बंदूक बाळगता येत नाही, आणि एकवीस वर्षांखालील व्यक्तीला ती बाळगण्यास मनाई आहे. नेमबाजीच्या शिक्षणासाठी ठराविक अटींवर तेवढी सवलत आहे. परवाना देण्याचा अधिकार जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांना, आणि हैदराबादसारख्या शहरात पोलीस आयुक्तांना असतो. पीक राखण्यासाठी ठासणीची बंदूक ठेवण्यास परवाना मिळू शकतो. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार अर्जदाराला शस्त्र सुरक्षित जागी ठेवण्याचे लेखी वचन द्यावे लागते. २०१९ साली कायद्यात दुरुस्ती होऊन एका व्यक्तीस ठेवता येणाऱ्या बंदुकांची संख्या तीनवरून दोनवर आली. त्याच दुरुस्तीने लग्नसमारंभात वा उत्सवात हौसेने बार काढून इतरांच्या जिवास धोका आणणे हाही गुन्हा ठरला. त्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

हवेच्या बंदुकीची गोष्ट निराळी. ठराविक शक्तीच्या आतील हवेच्या बंदुकीस परवाना लागत नाही. परंतु परवाना नको याचा अर्थ काळजी नको असा होत नाही. उलट जेथे सरकारचा डोळा नाही, तेथे आईबापांचा डोळा अधिक जागा असावयास हवा. आणि कोणाच्याही निष्काळजीपणाने दुसऱ्याचा मृत्यू घडला, तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेप्रमाणे त्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

परदेशी गेलेली आपली माणसे

हैदराबादेतील कित्येक मराठी कुटुंबांची मुले आज अमेरिकेत शिकत आहेत, संसार करीत आहेत. त्या देशात बंदूक मिळणे आपल्या मानाने पुष्कळ सोपे आहे. आणि त्याची किंमत तेथील मुलेच मोजीत आहेत. २०२० साली तेथे एक ते एकोणीस वर्षे वयाच्या मुलांच्या मृत्यूचे पहिले कारण म्हणून बंदुकीने मोटारींच्या अपघातांनाही मागे टाकले. २०२४ च्या नोव्हेंबरात हैदराबादेहून तेथे शिकावयास गेलेला एक तरुण विद्यार्थी, आपल्या वाढदिवसाच्या दिवशी, नव्याने घेतलेली शिकारीची बंदूक साफ करीत असता ती सुटून मरण पावला. परदेशी शिकणाऱ्या विद्यार्थ्याला तेथे बंदूक घेता येते, ह्याची इकडच्या पुष्कळ आईबापांना कल्पनाही नसते. मुलाशी फोनवर बोलताना जेवणाखाणाची, थंडीची चौकशी आपण करतो, “तुझ्या खोलीत कोणाकडे बंदूक आहे का?” हाही प्रश्न एकदा विचारण्यास संकोचू नये.

तेथील न्यायालये आता आईबापांनाही जाब विचारू लागली आहेत. मिशिगन राज्यातील ऑक्सफर्ड गावच्या शाळेत ३० नोव्हेंबर २०२१ रोजी एका पंधरा वर्षांच्या मुलाने चार विद्यार्थ्यांचे प्राण घेतले. ते पिस्तूल बापाने चारच दिवस आधी विकत आणले होते. मुलास जन्मठेप झालीच. परंतु २०२४ साली त्याच्या आईला व बापाला, प्रत्येकी दहा ते पंधरा वर्षे तुरुंगवासाची शिक्षा झाली. मूल चाप ओढते. पण तो चाप त्याच्या बोटापर्यंत कोणी पोचविला, हा प्रश्न न्यायाच्या आसनासमोरही आता टाळता येत नाही.

मग करावे काय?

ज्याला बंदुकीची खरोखर गरज आहे त्याला दोष देण्याचा येथे हेतू नाही. रात्रीतून उभे पीक रानडुकरांनी उद्ध्वस्त केले की शेतकऱ्याच्या जिवाचे काय होते, हे खेड्यात राहणाऱ्यास सांगावयास नको. पहारेकरी, निवृत्त जवान, नेमबाज खेळाडू यांचेही तसेच. परंतु गरजेपोटी शस्त्र घरी आणणाऱ्याने त्याच्याबरोबर चार नेम घरी आणलेच पाहिजेत. बंदूक नेहमी रिकामी करून ठेवावी. ती कुलपात ठेवावी. काडतुसेही कुलपात असावीत. आणि काडतुसांचे कुलूप बंदुकीच्या कुलपाहून वेगळ्या जागी असावे. २००५ साली अमेरिकेत झालेल्या एका मोठ्या अभ्यासात असे दिसून आले की, ज्या घरी ह्यांपैकी एकेक नेम पाळला जातो, त्या घरी मुलांच्या अपघाताचा व आत्मघाताचा धोका कमी असतो. चारही पाळावे हे उत्तम.

कुलूप म्हणजे भिंतीस वा जमिनीस पक्की बसविलेली लोखंडी पेटी वा पोलादी कपाट. आणि किल्ली? ती देवघराच्या खणात, खुंटीवर किंवा आईच्या जुडग्यात नको. ज्याच्या नावाने परवाना आहे, ती त्याच्याच अंगावर असावी. कुलूप लावून किल्ली शेजारी टांगणे म्हणजे कुलूप न लावण्यासारखेच आहे.

आजोबा वा वडील वारले आणि त्यांची बंदूक घरात राहिली, तर ती ‘आठवण’ म्हणून माळ्यावर ठेवू नये. परवाना त्यांच्या नावाचा होता. त्यांच्या पश्चात ती आपल्याजवळ राहणे कायद्यास धरून नाही. कायद्याने ती विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावयाची असते. वारसास ती हवी असेल तर त्याने स्वतःच्या नावे परवान्याचा अर्ज करावा. तशी तरतूद नियमांत आहे. नको असेल तर ती जमा करून मोकळे व्हावे. वाडवडिलांची आठवण ठेवावयास त्यांची छायाचित्रे आहेत, त्यांनी लावलेली आंब्याची झाडे आहेत.

हवेची बंदूक खुंटीवरून उतरवून तीही कुलपात घालावी. ती चालविताना मुलांना अंगणात येऊ देऊ नये. मुलास मात्र एक साधा धडा द्यावा व तो वारंवार म्हणवून घ्यावा: बंदूक दिसली तर हात लावू नये, तेथून निघावे, आणि ताबडतोब मोठ्या माणसास सांगावे. मुलाने येऊन सांगितले, तर “तू तेथे कशाला गेला होतास?” म्हणून त्यास रागावू नये, नाही तर पुढच्या वेळी ते सांगणार नाही. शिकवण हे दुसरे कुंपण आहे. पहिले कुंपण मोठ्यांच्या कुलपाचेच.

शेवटची गोष्ट बोलावयास थोडी अवघड आहे. मुलांना सुटीत ज्यांच्या घरी पाठवितो, त्यांना आधी विचारावे. सासुरवाडीस, साडूस, जुन्या मित्रास असे विचारणे आपल्याकडे जड जाते. समोरच्याला अविश्वास वाटेल असे भय वाटते. पण “दादा, मुले येताहेत, तुमची बंदूक तेवढी कुलपात आहे ना?” हे एक वाक्य हसत बोलता येते. “तुमचा कुत्रा बांधलेला असतो ना?” असे आपण बिनदिक्कत विचारतोच. ज्याच्याकडे बंदूक आहे त्याने तर हा प्रश्न विचारला जाण्याची वाटही पाहू नये. पाहुण्यांच्या आधी आपणच सांगून टाकावे.

ज्या मुलाच्या हातून नकळत भावंडाचा जीव जातो, त्याचे पुढे काय होते याचा विचार आपण क्वचितच करतो. मेलेल्या मुलासाठी सारा गाव रडतो. पण जे मूल जिवंत राहिले, ते मोठे होते, शाळेत जाते, लग्न करते, आणि प्रत्येक रक्षाबंधनाला, प्रत्येक नाताळाला ती एक रिकामी जागा त्याला दिसते. कोणी त्याला दोष देत नसले तरी ते स्वतःला दोष देतच राहते. वास्तविक तो दोष त्याचा कधीच नव्हता. तो भार त्या कोवळ्या खांद्यांवर पडू नये, म्हणून मोठ्यांनी आजच उठून एक कुलूप विकत आणावे. बाजारात ते काही शे रुपयांना मिळते.